कर्ज घेतले, पण जकातीची किल्ली दिली नाही

१/४ साल १९०४. रशियाशी युद्ध पेटलेले आणि जपानचा सोन्याचा साठा आटत चाललेला. बँक ऑफ जपानचे उपगव्हर्नर ताकाहाशी कोरेकियो १ कोटी पौंडांचे कर्ज उभारण्यासाठी लंडनला पोहोचले.

२/४ तेथील बँकांनी निम्म्याच रकमेची तयारी दाखवली. व्याज ६ टक्के, तारण जपानचे जकात-उत्पन्न. शिवाय चीनप्रमाणे जकातीवर इंग्रज अधिकारी नेमावा, अशी सूचना आली. ताकाहाशींनी ती ठामपणे नाकारली; जपानने परदेशी कर्ज कधीही बुडवले नव्हते.

३/४ उरलेले ५० लाख न्यूयॉर्कचे बँकर जेकब शिफ यांनी उचलले. रशियातील ज्यूंच्या छळामुळे ते झारशाहीवर संतप्त होते.

४/४ व्याज महाग पडले, पण जकातीचा कारभार जपानच्याच हाती राहिला. म्हणून कर्जाचा इतिहास वाचताना टक्केवारीपाशी थांबू नये. वसुलीचा अधिकार कोणाकडे राहिला, तेही पाहावे.