श्रवण, श्रद्धा आणि शेजार

ख्रिस्तसभेच्या इतिहासात कर्णबधिरांची आठवण अनेक पानांवर आढळते. त्यांच्यासाठी शाळा काढणारे धर्मगुरू, त्यांना खुणांनी धर्मशिक्षण देणारे बिशप, त्यांच्या सेवेत आयुष्य वेचणाऱ्या धर्मभगिनी यांचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. परंतु ही पाने चाळताना एक उणीव आम्हांला जाणवत राहते. हा बहुतांशी जन्मतः किंवा बालपणी बधिर झालेल्यांचा इतिहास आहे. साठी-सत्तरी गाठल्यावर ज्यांचे ऐकणे हळूहळू ओसरू लागते, जे कालपर्यंत घरच्या बैठकीच्या मध्यभागी होते आणि आज कोपऱ्यात जाऊन बसले आहेत, अशा आपल्या आजी-आजोबांना, आई-वडिलांना या इतिहासात फारशी जागा मिळालेली नाही. त्यांना आधार कोठे मिळावा, असा प्रश्न आज घरोघरी पडतो. जुना इतिहास या प्रश्नाचे काही उत्तर देतो काय, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

आरंभ शुभवर्तमानापासूनच करावा लागतो. दकापलीस प्रांतातील एका बहिऱ्या माणसाची हकीकत संत मार्कने आपल्या सातव्या अध्यायात सांगितली आहे. ती वाचताना आपले लक्ष साहजिकच चमत्काराकडे जाते. तथापि तीत दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे तो मनुष्य आपण होऊन आला, असे संत मार्क सांगत नाही. लोकांनी त्याला प्रभूकडे आणले आणि त्याच्यासाठी विनंती केली. ते त्याचे नातलग होते की शेजारी, हे सांगितलेले नाही. दुसरी गोष्ट अशी की, प्रभूने त्याला गर्दीतून बाजूला नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला आणि मगच शब्द उच्चारला. ज्याला ऐकू येत नव्हते त्याच्याशी प्रभू आधी हातांनी बोलला. त्या ‘इप्फाथा’ शब्दाच्या नावाने ओळखला जाणारा, बालकाच्या कानांना व ओठांना स्पर्श करण्याचा विधी आजही स्नानसंस्कारात आहे.

पुढील शतकांत मात्र एक कठीण प्रश्न उभा राहिला. श्रद्धा ही ऐकण्यातून उपजते, असे संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले होते. मग ज्याला ऐकूच येत नाही त्याने श्रद्धेला कसे यावे? संत ऑगस्टीनने एका वादग्रंथात या वचनाचा आधार घेऊन जन्मजात बधिरत्व हे श्रद्धेच्या वाटेतील अडथळा असल्याचे लिहिले, आणि त्या एका विधानाचे ओझे बधिरांना दीर्घकाळ वाहावे लागले. वस्तुतः याच ऑगस्टीनने अन्यत्र, बधिर माणसे हावभावांनी किती उत्तम संवाद साधतात, याची मनमोकळी नोंद केली आहे. एकाच लेखणीतून उतरलेल्या या दोन मतांपैकी पहिलेच अधिक स्मरणात राहिले.

हा अडथळा वादाने दूर झाला नाही. तो एकेका माणसाच्या चिकाटीने दूर झाला. सोळाव्या शतकात स्पेनमधील ओन्या येथील मठात पेद्रो पोन्से दे लेओन या बेनेडिक्टाइन संन्याशाने व्हेलास्को या सरदार घराण्यातील बधिर भावंडांना लिहायला, वाचायला, बोलायला आणि पापनिवेदन करायला शिकवले. १५८४ साली त्याचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १६०५ मध्ये, जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स यांना मार्टिन नावाचा एक बधिर तरुण भेटला. त्याला धर्मज्ञान देणे शक्य नाही, अशी सर्वांची समजूत होती. बिशपांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, स्वतः खुणा ठरवल्या, त्या खुणांनी त्याला धर्मशिक्षण दिले आणि ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास सिद्ध केले. हेच संत आज लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते आहेत तसेच बधिरांचेही आहेत. २४ जानेवारी हा त्यांचा सण.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे शार्ल-मिशेल द लेपे या धर्मगुरूंची दोन बधिर बहिणींशी गाठ पडली. त्यांना धर्मशिक्षणाविना सोडून देणे त्यांच्या मनाला पटेना. १७६०च्या सुमारास त्यांनी आपल्या घरातच शाळा सुरू केली. बधिरांची खुणांची भाषा त्यांनी त्यांच्याकडूनच शिकून घेतली, तिच्यावर आपल्या पद्धतीचे संस्कार केले आणि गरिबांच्या मुलांसाठी शाळेचे दार उघडे ठेवले. १७८९ साली ते वारले. १७९१ मध्ये फ्रान्सच्या क्रांतिकारी शासनाने त्यांच्या शाळेला राष्ट्रीय संस्थेचे रूप दिले. पोन्से, सेल्स आणि लेपे या तिघांना जोडणारा धागा कोणता? तिघेही समोरच्या माणसाला आपल्यासारखे होण्याची अट न घालता त्याच्याजवळ जाऊन बसले.

पुढे हा धागा काही काळ सुटलाही. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने बधिरांना केवळ बोलण्याच्या व ओठवाचनाच्या पद्धतीने शिकवावे, असा ठराव प्रचंड बहुमताने केला. परिषदेचे अध्यक्ष ज्युलिओ तार्रा हे स्वतः कॅथॉलिक धर्मगुरू होते, हे आपण विसरू नये. बधिरांचे भवितव्य ठरवणाऱ्या त्या सभेत स्वतः बधिर असलेले जवळजवळ कोणीच नव्हते. परिणामी कित्येक पिढ्यांची खुणांची भाषा वर्गाबाहेर गेली. १३० वर्षांनी, २०१० साली, व्हँकूव्हर येथील परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला.

याच काळात आपल्या मुंबईत एक महत्त्वाची घटना घडली. मुंबईचे तत्कालीन बिशप लिओ मेउरिन या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंच्या पुढाकाराने १८८४-८५च्या सुमारास येथे बधिर मुलांसाठी संस्था स्थापन झाली. टी. ए. वॉल्श हे तिचे मुख्याध्यापक होते. भारतातील बधिर मुलांच्या औपचारिक शिक्षणाचा आरंभ सामान्यतः या शाळेपासून मानला जातो. कोलकात्याची शाळा १८९३ सालची. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या उभारणीच्या काळातले बिशप म्हणून मेउरिन यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या या कामाचे स्मरण मात्र आपल्यात क्वचितच होते. त्या परंपरेला आलेले एक फळ आपण अलीकडेच पाहिले. २०२४ साली केरळातील त्रिशूर येथे जोसेफ तेर्मडम या कर्णबधिर तरुणाला गुरुदीक्षा मिळाली आणि खुणांच्या भाषेत मिस्सा अर्पण करणारा स्वतःचा धर्मगुरू भारतातील बधिरांना लाभला.

आता वळूया ज्यांच्यासाठी हा लेख लिहिण्यास घेतला त्यांच्याकडे. उतारवयात ज्यांचे ऐकणे कमी होते त्यांची अडचण निराळी असते. खुणांची भाषा त्यांना येत नाही आणि त्या वयात ती घरातल्या कोणालाच येत नसते. त्यांची सारी नाती बोलण्यावर उभी राहिलेली असतात. आपल्या अंतर्कर्णात अतिसूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. वयोमानाने प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात. त्यामुळे स्वर ऐकू येतात, पण स, श, त, क यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणूनच आजोबा म्हणतात की, आवाज येतो, पण काय म्हणता ते कळत नाही. ‘ताट’ आणि ‘काठ’ यांत त्यांना फरक वाटत नाही. ओरडून बोलल्याने तो फरक स्पष्ट होत नाही, उलट कानाला त्रास होतो आणि मनालाही लागते. ओठांकडे पाहूनही सर्व उमगत नाही. ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात.

घरात याचे पर्यवसान एका छोट्या वाक्यात होते. सगळे हसतात, आजी विचारते, “काय झालं?” आणि कोणीतरी म्हणते, “काही नाही, जाऊ दे.” ते वाक्य निष्ठुरपणाने उच्चारलेले नसते, सांगणाऱ्याला केवळ घाई असते. पण दिवसातून दहा वेळा ते ऐकलेला माणूस हळूहळू विचारणेच सोडून देतो. मग लोक म्हणतात की, आजी अलीकडे अबोल झाली आहे.

चर्चमध्येही असेच घडते, आणि त्यामागे एक इतिहास आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून पुष्कळशा प्रार्थना मंद स्वरात म्हणत आणि भाविक आपली रोझरी म्हणत बसत. त्या काळी कान मंदावलेल्या वृद्धाचे इतरांच्या तुलनेत फारसे काही हरवत नव्हते. ४ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेने उपासनाविधीविषयक दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि आपल्या मातृभाषेला वेदीवर स्थान मिळाले. हे वरदानच होय. परंतु शब्द सर्वांना कळू लागले तेव्हाच ते ज्यांना ऐकू येत नाहीत त्यांचे वेगळेपण उघडे पडले. धर्मगुरूंचे तोंड आता लोकांकडे असते, ही त्यांच्यासाठी मोठी सोय आहे. मात्र ध्वनिक्षेपक तोंडासमोर आला की ती जाते, आणि उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये आवाज घुमून शब्द एकमेकांत मिसळतात.

शासनाने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. १९८३ साली वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथे श्रवणतपासणी होते व यंत्राविषयी मार्गदर्शनही मिळते. बधिरत्वाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६ पासून प्रथम निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्रासारखी साधने देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली आली. मात्र २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार श्रवणदोषाची गणना दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या हानीपासून होते. जागतिक आरोग्य संघटना चांगल्या कानातील ३५ डेसिबलपलीकडची हानीही अडसर आणणारी मानते, आणि साठीपलीकडील चारांपैकी एकाहून अधिक माणसांना ती असते, असे सांगते. या दोन आकड्यांच्या मध्ये आपल्या घरांतील कित्येक वडीलधारी माणसे आहेत. कायद्याच्या वहीत त्यांची नोंद होत नाही. ती धर्मग्रामाने करावी, असे आमचे मत आहे.

हे काम अवघड नाही. प्रथम कुटुंबाने त्यांना कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे न्यावे. कधी कधी दोष केवळ साचलेल्या मळाचा असतो. एका कानाचे ऐकणे अचानक गेले तर एक दिवसही दवडू नये, कारण त्यावरील उपचार लवकर झाले तरच उपयोगी ठरण्याची आशा असते. तपासणी करून, कानाच्या आलेखानुसार यंत्र बसवून घ्यावे. बाजारातून आणलेले यंत्र कानात घालून दिले म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. यंत्राची सवय व्हायला आठवडे लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत सोबतीची गरज असते. अनेक यंत्रे कपाटात पडून राहतात ती ही सोबत न मिळाल्यामुळे. घरात बोलताना समोर यावे, उजेड आपल्या चेहऱ्यावर असावा, एका वेळी एकानेच बोलावे. वाक्य कळले नाही तर तेच मोठ्याने न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगावे.

धर्मग्रामाला यापुढचे करता येईल. पुढची दोन बाके, जेथून वाचकाचा व धर्मगुरूंचा चेहरा स्पष्ट दिसतो, अशा लोकांसाठी राखता येतील. वाचने व प्रवचनाचा सारांश मोठ्या अक्षरांत छापून देता येईल. पापनिवेदनासाठी लिहून देण्याची मुभा आणि इतरांच्या कानावर न जाणारी जागा ठेवता येईल. ज्याला मोठ्याने बोलावे व ऐकावे लागते तो जाळीच्या खिडकीपाशी संकोचाने जातच नाही. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या आणि लहान ख्रिस्ती समूहांच्या कार्यकर्त्यांना गृहभेटी नव्या नाहीत. आपल्या वाडीत कोणाला ऐकू येत नाही, तपासणीला कोणासोबत जायला हवे, कोणाचे यंत्र बंद पडून आहे, एवढे त्यांनी लिहून ठेवले तरी पुष्कळ होईल.

बिशप मेउरिन यांच्या काळात मुंबईत संस्था नव्हती, म्हणून ती उभारावी लागली. आज संस्था आहे, तज्ज्ञ आहेत, यंत्रे आहेत. उणीव आहे ती तेथवर घेऊन जाणाऱ्यांची. दकापलीसमधल्या त्या निनावी लोकांनी जे केले ते नेमके हेच. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर, पूर्वी नियमित येणारे कोणते वडीलधारे आता दिसेनासे झाले आहेत, एवढे आपण प्रत्येकाने आठवून पाहावे. त्यांच्यापैकी कोणाच्या न येण्याचे कारण पाय नसून कान असतील.