चिखलाचं चाक

सुकापूरला राहणाऱ्या माणसाला दोन चिखल ठाऊक असतात. एक नेरे-धोदाणीच्या बाजूचा, भातखाचरांचा. वर वीतभर लोण्यासारखी माती, खाली मुरूम नाहीतर कातळ. दुसरा पनवेलच्या खाडीकाठचा, खाजणाचा. काळा, खारट आणि तळ न लागणारा. पहिल्यात गाडी घसरते, दुसऱ्यात बसते. दोन्हींना एकच शब्द वापरतो म्हणून दोन्हींवर एकच टायर चालेल असं वाटतं, आणि टायर विकणाऱ्यांचीही तीच इच्छा असते.

माझ्याकडे जुन्या पिढीतली थार आहे. सोमवार ते शनिवार ती मला तळोजा एमआयडीसीला नेते-आणते, रविवारी माथेरानच्या पायथ्याकडे जाते. यंदा चारही टायर गोटा झाले आणि तो प्रश्न आला जो प्रत्येक थारवाल्याला येतो : मड-टेरेन घ्यायचे का? इंटरनेटवर याची उत्तरं पोत्याने मिळतात. पण मला जुन्या गोष्टी उकरायची खोड आहे, त्यामुळे मी भलत्याच टोकाकडून सुरुवात केली. पनवेलमध्ये चाक निवडायचा प्रश्न माझ्याआधी कुणाला पडला होता?

तर मुळात फार काळ तो पडलाच नव्हता, कारण या भागात चाकच फारसं नव्हतं. कोकणातून घाटावर माल जायचा तो बैलांच्या पाठीवरून. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे मीठ, धान्य घेऊन चढायचे-उतरायचे. आणि चिखलाबद्दलचं त्या काळाचं धोरण अगदी साधं होतं : चिखलात जायचंच नाही. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला निघत. सीमोल्लंघन म्हणून आपण आज आपट्याची पानं वाटतो, त्यात धर्म आहे तसा रस्ता वाळल्याचा हिशोबही आहे.

ज्यांनी चाकांचा हट्ट धरला त्यांचं काय झालं, त्याचं ठळक उदाहरण पनवेलचंच आहे. नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज इथे उतरली. चार हजारांच्या आत-बाहेर सैनिक, आणि तोफा-सामान ओढायला एकोणीस हजारांच्या आसपास बैल. दिवस कोरडे होते, चिखल नव्हता. तरी बोरघाटात तोफा चढवताना आणि वर आल्यावर पुढे सरकताना या फौजेची गती गोगलगाईची झाली. महादजी शिंद्यांच्या आणि पेशव्यांच्या फौजांनी पुढचा मुलूख ओसाड करून ठेवला होता, तो पराभवाचा मोठा भाग. पण जानेवारी १७७९ मध्ये माघार घ्यायची वेळ आली तेव्हा इंग्रजांनी पहिलं काम काय केलं? जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या. मग वडगावला शरणागती. रस्ता नसलेल्या मुलखात चाक म्हणजे ओझं, हे इतक्या महागात क्वचितच कुणी शिकलं असेल.

ते शिकले मात्र. आधी वेलस्लीने १८०४ च्या सुमारास तोफांपुरती घाटवाट सुधारली आणि मग १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता झाला. त्याच दशकात घाटावर आणखी एक गोष्ट घडली, जी शाळेच्या पुस्तकात येत नाही. दख्खनची जुनी गाडी म्हणजे भरीव चाकांची. लाकडी, कुठेकुठे दगडीसुद्धा. ती ओढायला बैलांची रांग लागायची. १८३६ च्या सुमारास लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने सोलापूरकडे टेंभुर्णीला आऱ्यांच्या चाकांची हलकी गाडी बनवायला घेतली. एका बैलजोडीत भागू लागलं. शेतकऱ्याचा माल बंदरापर्यंत जाऊ लागला, आणि त्यातलं एक बंदर होतं पनवेल. मुंबईहून गलबतं इथे यायची, इथून पुढे गाड्या.

आणि इथे मला माझा प्रश्न पडलेली माणसं सापडली. ब्रिटिश काळच्या गॅझेटियरात पनवेलचा मोठा धंदा म्हणून गाडीच्या चाकांची नोंद आहे. घाटावरून माल घेऊन उतरलेला गाडीवान, ज्याला परवडेल तो, परत जाताना पनवेलची चाकांची जोडी घेऊन जाई. आज कळंबोलीत हायवेच्या कडेला टायरच्या थप्प्या लागलेल्या दिसतात ना, तसंच काहीसं. दुकानदार वेगळा, माल वेगळा, गिऱ्हाईक तेच : घाट चढायचाय, चाक दे.

आपल्याला ‘टायर’ला मराठी शब्द नाही असं वाटतं. आहे. ‘धाव.’ लाकडी चाकावर तापवून चढवायची आणि पाणी मारून आवळायची ती लोखंडी पट्टी म्हणजे धाव. तुंबा, आरे, धाव, वंगण, सगळी यंत्रणा मराठीत होती. आणि धाव किती रुंद असावी, हाच त्या काळचा ‘मड-टेरेन की हायवे’ हा वाद. अरुंद धाव हलकी, ओढायला सोपी, पातळ चिखल कापून खालच्या कठीण थराला भिडणारी. पण ती रस्ता कापते. गाडीमागून गाडी गेली की चाकोरी पडते, चाकोरीत पाणी साठतं आणि पुढच्या पावसात रस्ता ओढा होतो. रुंद धाव रस्त्याला सोसते, बैलाला नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने १७५३ मध्ये कायदाच केला होता की टोलच्या रस्त्यांवर जड गाड्यांची चाकं नऊ इंच रुंद हवीत. म्हणजे चाकाची किंमत कुणी मोजायची, गाडीवाल्याने की रस्त्याने, हे भांडण रबराच्या फार आधीचं आहे. ‘चाकोरीतलं आयुष्य’ म्हणताना आपण ज्या शब्दाला कंटाळवाणा ठरवलाय, तो मुळात रस्त्याला झालेली जखम आहे.

रबर आलं ते हवा घेऊन. १८४५ मध्ये थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं, कुणी लक्ष दिलं नाही. १८८८ मध्ये डनलॉपने ते सायकलसाठी पुन्हा शोधलं आणि जग बदललं. आपल्याकडे त्याचा खरा चमत्कार मोटारीत नाही, ऊसपट्ट्यात दिसला. हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे गेलात तर ऊस लादलेली टायरगाडी बघा. तेच बैल, पण लोखंडी धावेपेक्षा कितीतरी जास्त ओझं, आणि शेतातून निघताना चाक रुतणं कमी. गुपित साधं आहे. टायर जमिनीला जो दाब देतो तो साधारण त्याच्यात भरलेल्या हवेइतका असतो. हवा कमी केली की टायर पसरतो, दाब वाटला जातो, गाडी मातीवर तरंगल्यासारखी चालते. ही सोय लोखंडाला नव्हती.

जीप मुंबईत आली स्वातंत्र्याच्या वर्षी. ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी १९४५ ची. त्यातले गुलाम मोहम्मद पुढे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. १९४७ पासून विलीज जीप इथे जोडली जाऊ लागली. महायुद्धातल्या त्या जीपचा टायर सहा इंच रुंदीचा, त्यावर आडवे जाड ठोकळे, पुढे-मागे दोन्हीकडे सारखीच पकड. आजच्या पोरांना तो टायर हास्यास्पद बारीक वाटेल. पण भातखाचराच्या चिखलासाठी, जिथे वीतभर खाली कठीण थर आहे, बारीक आणि उंच टायर अजिबात वाईट नाही. तो अरुंद धावेसारखा कापत तळ गाठतो. रुंद टायर तिथे वरच्या लोण्यावर स्केटिंग करतो. उलट खाजणात तळच नाही, तिथे रुंदीच हवी. खरं तर तिथे होडीच हवी.

मग आजचा मड-टेरेन काय करतो? १९८० मध्ये बीएफगुडरिचने या नावाचा टायर बाजारात आणला, तेव्हापासूनचं सूत्र फारसं बदललेलं नाही. मोठे ठोकळे, त्यांच्यामध्ये रुंद खाचा, जाड साइडवॉल. हायवे टायरची खाच नवी असताना आठ-नऊ मिलिमीटर खोल असते, याची चौदा-पंधरापर्यंत जाते. ठोकळा चिखलात दात रोवतो, खाचेत चिखल भरतो, आणि चाक फिरलं की तो भिरकावला जातो. पुढच्या फेरीला दात पुन्हा मोकळे. पण ही सफाई वेगावर अवलंबून आहे. हळू चाललात तर आपली चिकट माती खाचेत बसते ती बसतेच, आणि महागडा मड टायर गोटा टायरइतकाच गुळगुळीत होतो. तो साफ करायला ॲक्सिलरेटर दाबावा लागतो. चाक फिरतं आणि खणतं.

आता रस्त्याची बाजू. पावसात सायन-पनवेल हायवेच्या ओल्या काँक्रीटवर तुम्ही ब्रेक मारता तेव्हा जमिनीला किती रबर टेकलंय आणि त्या रबराला किती बारीक चिरा आहेत, यावर सगळं ठरतं. मड टायरमध्ये दोन्ही कमी. गाडी थांबायला जास्त अंतर घेते. शिवाय टायर जड, डिझेल जास्त, आणि साठच्या वर गेलं की घुंइंइं असा आवाज, जो पहिल्या आठवड्यात मर्दानी वाटतो आणि दुसऱ्या महिन्यात डोकं उठवतो. कळंबोलीतल्या एका टायरवाल्याने मला एका वाक्यात सांगितलं, “शेठ, आठवड्यातले सहा दिवस ब्रेक लावायचाय की एक दिवस आवाज ऐकायचाय?”

मोठ्या मापाचा मोहही असतो. माझ्या गाडीचं मूळ माप २३५/७० आर १६. त्याऐवजी २४५/७५ टाकला की व्यास पाच टक्क्यांनी वाढतो, म्हणजे काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टने पळत असते. ब्रेक आणि गिअर मात्र जुन्या मापाचेच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीत कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येणार नाहीत असं सांगितलं, आणि अपघातानंतर विम्याच्या माणसाला ते आठवतं. त्यात जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून ‘निर्बंधित’ यादीत टाकली, त्यामुळे ज्या परदेशी टायरांवर सगळे चर्चा करतात ते मिळणंच अवघड झालं. देशी पर्याय सुधारले, हा त्याचा फायदा म्हणायला हवा.

पण माझा निर्णय यातल्या कशाने झाला नाही. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांना जाणाऱ्या कच्च्या वाटा बघून झाला. गेल्या काही पावसाळ्यांत रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. मड टायर, विंच, वर लाईटची पट्टी. चढावर एकाचं चाक फिरतं, माती उडते, व्हिडिओ निघतो. दुसरा त्याच चाकोरीत घुसतो. संध्याकाळी सगळे वडे खाऊन घरी. रात्री पाऊस त्या चाकोरीतून वाहतो. सोमवारी त्याच वाटेने वाडीतल्या बायका डोक्यावर भाजी घेऊन उतरतात, शाळेतली पोरं चपला हातात धरून चढतात, आणि बाळंतपणाला गाडी बोलवावी लागली तर ती खालीच थांबते. खाचरातून शॉर्टकट मारणारे तर बांधच फोडतात. बांध फुटला की पाणी जातं, पाणी गेलं की आवणीचं भात वाळतं. १७५३ सालचा कायदा जड गाडीवाल्याला निदान रुंद चाकाचा खर्च करायला तरी लावत होता.

मी चार ऑल-टेरेन घेतले, मूळ मापाचे, जाड साइडवॉलचे, कारण आपल्याकडे कच्च्यात टायर मरतो तो बहुधा चिखलाने नाही, बाजूने घुसलेल्या दगडाने. उरलेल्या पैशांत एक छोटा कंप्रेसर आणि हवेचा काटा घेतला. कच्च्यात उतरताना हवा तीसवरून अठरावर आणतो, डांबरावर आलो की परत भरतो. चार चाकांना पंधराएक मिनिटं लागतात. जोराचा पाऊस झाला असेल तर डांबर संपतं तिथेच गाडी लावतो आणि पुढे चालतो. गणपती झाले की वाडीतली माणसं त्या चाकोऱ्यांत दगड आणि मुरूम भरायला लागतात. दोन-तीन रविवार चालतं ते काम. एका फेरीला आठ-दहा घमेली मुरूम थारच्या मागे बसतो, आणि त्या चढावर नव्या टायरांनी आजवर तरी घसरायला नकार दिलाय.