कुंडीतला वाटाणा आणि वऱ्हाडातला पळस

फुलांची छायाचित्रे काढीत हिंडणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे समजण्याची आपल्याकडे चाल आहे. ह्या उद्योगाच्या इतिहासात शिरले म्हणजे मात्र एक मौजेची गोष्ट आढळते. आपल्या चित्रपटधंद्याला पहिले भांडवल मिळवून दिले ते एका वाटाण्याच्या रोपाने!

दादासाहेब फाळके 1912 च्या एप्रिलमध्ये विलायतेहून परतले, तेव्हा त्यांच्यावर पैसा लावावयास कोणी धजेना. दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज एकेक चित्र घेतले. पडद्यावर तोच अंकुर मिनिटाभरात भराभर वर चढताना दिसला. ‘अंकुराची वाढ’ ती हीच. ती पाहून यशवंतराव नाडकर्णींसारखे लोक कर्ज देण्यास तयार झाले आणि 1913 च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. विलायतेत पर्सी स्मिथ ह्यांनी 1910 मध्ये उमलत्या फुलांचा असाच चित्रपट केला होता, हे खरे. म्हणून फाळक्यांच्या चिकाटीचे मोल उणे होत नाही.

वनस्पती आणि छायाचित्र ह्यांचे नाते त्याहूनही जुने आहे. 1839 साली टॅल्बट ह्यांनी आपली कला जगापुढे मांडली, तेव्हा रसायन लावलेल्या कागदावर पाने ठेवून उन्हात घेतलेले छाप त्यांच्यापाशी होते. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. पेशा वैद्यकाचा आणि नाद कॅमेऱ्याचा, ही जोडी आपल्याकडे अशी जुनी आहे.

पण त्या काळी कोणी वऱ्हाडात येऊन फाल्गुनातला पळस टिपता, तर त्याच्या हाती काय लागते? काळा डाग! तेव्हाच्या काचा निळ्या प्रकाशालाच काय त्या जागत. केशरी रंग त्यांना अंधारासारखा. 1873 मध्ये फोगेल ह्यांनी रंगद्रव्य मिसळून हिरवा-पिवळा दाखविण्याची युक्ती काढली. तांबडा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी वठला. 1907 साली ल्युमिएर बंधूंची रंगीत काच विकावयास आली, तिच्यात रंगविलेले कण होते बटाट्याच्या पिठाचे. म्हणजे फुलाला रंग मिळाला तोही कंदाच्या कृपेने.

आज खिशातला मोबाइलही हे सारे करतो. तरी पळस सहजी हाती लागत नाहीच. पळसाला पाने तीन, हे आपण जन्मभर ऐकतो. पण फुलोऱ्याच्या दिवसांत झाडावर पान क्वचितच असते. नुसत्या फुलाच्या चित्रावरून जाणकार पुष्कळदा नाव सांगू शकत नाहीत. त्यांना पान हवे, फळ हवे, खोड हवे. म्हणजे त्याच झाडाकडे पुन्हा जाणे आले. घरच्या शेतातली कपाशीही तशीच. अमेरिकन जातीचे फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटते. एका सकाळच्या चित्राने तिची ओळख अर्धीच होते. आम्हाला तर हा छंद फाळक्यांच्या कुंडीपाशी बसण्याचाच प्रकार वाटतो.

आपल्या जिल्ह्यांच्या वनस्पतींची रीतसर मोजदाद झालेली आहे. कांबळे व प्रधान ह्यांचा अकोला जिल्ह्यावरील ग्रंथ 1988 चा. त्यातल्या अकोल्यात आजचा वाशीमही येतो, कारण तो 1998 मध्ये वेगळा झाला. मेळघाटावरही ग्रंथ आहे. पण ग्रंथ कपाटात, आणि कळलावी चिखलदऱ्याच्या झुडपांत! हौशी माणसाचे काम ह्या दोहोंमधले. पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर हे पेशाने अभियंते. त्यांनी 2001 मध्ये सह्याद्रीच्या फुलांचे चित्रमय पुस्तक काढले आणि ते असंख्य भटक्यांच्या झोळीत गेले. गाविलगड-नरनाळ्याच्या डोंगरांसाठी तसे हाताशी धरावयाचे मराठी पुस्तक असावे, अशी आमची फार इच्छा आहे. कोरकूंची नावे त्यात अवश्य हवीत. वन त्यांनी आपल्याआधी पाहिले आहे.

आणि केवळ सुंदर तेच टिपावे, असेही नाही. गाजरगवत पुण्यात 1950 नंतरच्या दशकात नजरेस आले. आज बडनेऱ्यापासून अकोटापर्यंत रस्त्याच्या कडा त्याने व्यापल्या आहेत. त्याआधी त्या कडांवर काय उगवत होते, हे सांगणारी चित्रे आपल्यापैकी कोणाच्या घरी असतीलही: लग्नाच्या वऱ्हाडाची, बैलगाडीची, शाळेच्या सहलीची. माणसांच्या पायांशी कोणते गवत आहे ते एकदा भिंग लावून पाहा, आणि मागे ठिकाण व साल लिहिलेले नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा.