रान, गायरान आणि अभयारण्य : पाटोदा परिसरातील निसर्गरक्षणाचा एक विचार

१

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेला आहे. मांजरा नदी याच तालुक्यातील गवळवाडीच्या परिसरात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन अखेर गोदावरीस मिळते. सौताड्याच्या कड्यावरून कोसळणारी विंचरणा मात्र सीना व भीमा यांच्या वाटेने कृष्णेच्या खोऱ्यात जाते. दोन महानद्यांची खोरी विभागणारा हा माथा पर्जन्यछायेत येतो. येथे निबिड अरण्य नाही; उघडे माळ, गवत, बोरी-बाभळी आणि झुडपी रान हेच येथील वनाचे स्वरूप होय. याच तालुक्यातील नायगाव येथे १९९४ साली सुमारे ३० चौरस किलोमीटर क्षेत्रावर मयूर अभयारण्य घोषित झाले. अशा प्रदेशात निसर्गरक्षणाची कल्पना कोणकोणत्या रूपांनी वावरली, आणि शासनाने आखलेली सीमा व गावाने पाळलेली मर्यादा यांचा परस्परसंबंध काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

२

प्रारंभ शब्दांपासून करणे सोयीचे ठरेल. मराठीतील ‘रान’ हा शब्द संस्कृत ‘अरण्य’ या शब्दापासून आला. आद्य अकाराचा लोप होऊन प्राकृतात ‘रण्ण’ असे रूप झाले. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या लोपाची नोंद केलेली आहे. पुढे ‘कर्ण’ पासून ‘कान’ व ‘पर्ण’ पासून ‘पान’ व्हावे, त्याच रीतीने ‘रण्ण’ पासून ‘रान’ झाले. परंतु रूपाबरोबर अर्थही पालटला. देशावरचा शेतकरी ‘रानात जातो’ म्हणतो, तेव्हा तो आपल्या शेतात जात असतो. आणि ‘रानडुक्कर’, ‘रानभाजी’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात नांगराबाहेरची भूमी असते. एकच शब्द पेरलेल्या व न पेरलेल्या दोन्ही जमिनींस लागतो. या दोहोंमध्ये ‘गायरान’ येते. ते कोणाच्या खाजगी मालकीचे नव्हे आणि निर्मनुष्य अरण्यही नव्हे. गावाच्या गुरांसाठी राखलेली ती सामाईक जमीन होय.

‘अभयारण्य’ या शब्दात तेच ‘अरण्य’ संस्कृत रूपाने पुन्हा अवतरले आहे. ही कल्पनाही अर्वाचीन नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूनाध्यक्षाच्या प्रकरणात ‘अभयवन’ हा शब्द येतो. तेथील पशुपक्ष्यांना पकडणाऱ्यास वा मारणाऱ्यास उत्तम दंड सांगितला आहे, आणि रक्षणीय पक्ष्यांच्या यादीत मयूराचे नाव आहे. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या पाकशाळेसाठी दररोज दोन मोर व एक हरिण मारले जात असल्याचा, आणि यापुढे तेही मारले जाणार नसल्याचा उल्लेख आहे. मोराचे रक्षण हा राज्याचा विषय होण्यास अशी दोन सहस्र वर्षांहून अधिक परंपरा आहे. मात्र हे अभय राजा देतो. ते वरून खाली येते.

३

महाराष्ट्रात याच्या जोडीने दुसरी परंपरा नांदत आली, ती ‘राखण्या’ची. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर देवराई, कोकणात देवरहाटी, आणि ठिकठिकाणी गवतासाठी राखलेली कुरणे ही तिची उदाहरणे होत. देवराईत कुऱ्हाड चालवावयाची नाही, हा नियम कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. देवाचे भय आणि गावाचा निर्बंध एवढ्यावर तो टिकला. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे शास्त्रीय महत्त्व जगापुढे मांडले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही वृक्षांविषयी जी आज्ञा आहे, तिचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. रयतेने झाडे पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, ती तोडल्यास तिच्या दुःखास पार राहत नाही, असा तेथील आशय आहे. राज्याच्या आज्ञेचा आधार येथे रयतेची ममता हा आहे.

पाटोद्याच्या परिसरात या परंपरेचा आर्थिक पायाही स्पष्ट दिसतो. अवर्षणाच्या प्रदेशात गुरे हाच कुटुंबाचा शेवटचा आधार असतो, आणि गुरांचा आधार गायरान व माळ. १९७२ च्या दुष्काळाची झळ मराठवाड्यास तीव्रतेने लागली. त्याच वर्षी देशात वन्यजीव संरक्षण अधिनियम संमत झाला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. एकीकडे माणसे खडी फोडून पोट भरीत होती, तर दुसरीकडे, १९६३ साली राष्ट्रीय पक्षी ठरलेल्या मोरासह वन्य प्राण्यांना कायद्याचे अभय मिळत होते. दोन्ही गरजा खऱ्या होत्या. त्यांची सांगड घालण्याचे काम मात्र पुढील काळावर सोपविले गेले.

४

ही सांगड न घातल्यास काय होते, याचे उदाहरण शेजारीच आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य घोषित झाले. त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता. त्यात शेते, गावे आणि बाजारपेठा सगळेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध पडल्याने लोकांत असंतोष माजला. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत उतरविण्यात आले. दरम्यान माळढोकच जवळजवळ दिसेनासा झाला. कागदावरील विस्तार म्हणजे रक्षण नव्हे, एवढा बोध यातून निश्चित घेता येतो. याउलट कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरवर स्थापन झाले आणि तेथे काळवीट टिकून आहे.

उलट बाजूही विसरता येणार नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, आणि पडीक व गायरान जमीन कसावयास मिळावी ही मागणी मराठवाड्यातील दलित कुटुंबांच्या जीवनमरणाशी निगडित झाली. त्यामुळे ‘गावाने राखलेले रान’ असे म्हणताना, गाव म्हणजे कोण, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्यांना सामाईक जमिनीचा वाटा मिळाला नाही, त्यांच्याकडून राखणीची अपेक्षा करणे न्याय्य नव्हे. शिवाय बीड जिल्ह्यातील सहस्रावधी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गवत वाळून वणव्याची भीती वाढते, ती नेमकी याच काळात. राखणीसाठी गावात माणूस असावा लागतो. म्हणून रोजगाराचा प्रश्न हा येथे वनरक्षणाचाही प्रश्न ठरतो.

५

अलीकडील कायद्यांनी लोकांच्या राखणीस काही स्थान दिले आहे. वन्यजीव अधिनियमातील २००२ च्या दुरुस्तीने ‘समुदाय राखीव’ क्षेत्राची तरतूद केली. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने ग्रामसभेस आपले वन राखण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला; गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली तो मिळविला. बीड जिल्ह्यातही लोकांच्या पुढाकाराची चिन्हे दिसतात. शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे ‘सर्पराज्ञी’ या केंद्रात जखमी वन्य जीवांची शुश्रूषा होते. बीड शहरानजीक पालवणच्या उघड्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे, लेखक अरविंद जगताप व त्यांचे सहकारी यांनी लोकसहभागातून झाडे वाढविली, आणि १३ व १४ फेब्रुवारी २०२० रोजी तेथे वृक्षसंमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद वडाच्या झाडास देण्यात आले होते. या प्रकल्पाचे ‘सह्याद्री देवराई’ हे नावही अन्वर्थक आहे. घाटमाथ्यावरचा शब्द बालाघाटावर आला, आणि पूर्वी जे देवाच्या भयाने राखले जाई, ते आता हौसेने व श्रमाने उभारले जाऊ लागले. अर्थात माळरानाचे स्वतःचे जीवन असते. गवताळ प्रदेश म्हणजे ओसाड जमीन नव्हे, हे अशा उपक्रमांनी ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

या विवेचनावरून असा निष्कर्ष निघतो की, नायगावच्या अभयारण्याचे भवितव्य केवळ त्याच्या सीमेच्या आत ठरणार नाही. मोर ती सीमा ओळखत नाही. तो सकाळी अरण्यातून निघून शेतात दाणे टिपतो. शेतकऱ्याच्या भाषेत ही दोन्ही रानेच आहेत. अभयारण्याचा खरा विस्तार व्हावयाचा तर तो अधिसूचनेतील आकडा वाढून होणार नाही. भोवतालच्या गायरानांत व शेतांत मोरास निर्भयपणे वावरता येईल, आणि त्याने टिपलेल्या दाण्यांचा भार एकट्या शेतकऱ्यावर पडणार नाही, अशी व्यवस्था झाल्यानेच होईल. राज्याचे ‘अभय’ आणि गावाची ‘राखण’ या दोन परंपरा दीर्घकाळ वेगळ्या वाहिल्या. पाटोद्याच्या माथ्यावरील नद्यांप्रमाणे त्या दोन दिशांना वाहत राहणे मात्र रानास परवडणारे नाही.