सोपाऱ्याच्या पेटीतले दोन काळ

एप्रिल 1882. ऊन डोक्यावर आलंय आणि तुम्ही सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात, एका टेकाडावर उभे आहात. गावकरी याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणतात. मजूर घमेली उपसताहेत आणि पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजी प्रत्येक थर निरखताहेत. तुम्हीही एक वीट उचला. आपल्या भट्टीतल्या विटेहून ती लांब-रुंद आणि चपटी आहे. इथे आत शिरायला दार नाही, कारण हा बौद्ध स्तूप आहे. स्तूप म्हणजे भरीव बांधकाम, माणसाने बाहेरूनच प्रदक्षिणा घालायची. आत जागा फक्त अवशेषांना.

मधोमध विटांची कोठी लागते. तिच्यात दगडी पेटी. झाकण सरकतं. तांब्याचा करंडा आणि त्याभोवती आठ छोट्या कांस्यमूर्ती : सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय, अजून यायचा असलेला बुद्ध. तांब्यात चांदीचा, चांदीत दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडा. एवढ्या जपणुकीने ठेवलंय काय? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले.

सोन्याच्या फुलांबरोबर चांदीचं एक नाणं निघतं. त्यावर राजाचा मुखवटा आहे : गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी.

आता सतरा शतकं मागे चला. इसवी सनाचं दुसरं शतक सरत आलंय. सोपाऱ्याच्या, म्हणजे तेव्हाच्या शूर्पारक बंदरात गलबतं लागलीत, आणि याच राजाचं नाणं तुमच्या तळहातावर आहे. स्तूप तेव्हाचा, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटेल. पण थांबा. नाणं एवढंच सांगतं की ते पाडलं जाण्याआधी पेटीत पडलेलं नाही. चीनमध्ये हान काळातल्या विटांच्या कमानदार कबरींतही हाच पेच पडतो. तिथली 'वूझू' नाणी इसवी सनपूर्व 118 पासून इसवी सन 621 पर्यंत पाडली जात होती. म्हणून तिथे नाण्याची घडण, विटांवरची नक्षी, मातीची भांडी, सगळंच ताडून पाहावं लागतं.

सोपाऱ्यातही तसंच करा. मूर्तींची घडण पाहा. ती आठव्या-नवव्या शतकाकडे बोट दाखवते. म्हणजे यज्ञ सातकर्णीच्या सातवाहन घराण्याचं राज्य लयाला गेल्यावर कित्येक शतकांनी कुणीतरी ही पेटी उघडली. आता तुम्ही ती उघडणाऱ्यांच्या शेजारी आहात. त्यांनी सोनं उचललं नाही. जुनं नाणं जागच्या जागी ठेवलं, भोवती आपल्या काळातले बुद्ध बसवले आणि पेटी पुन्हा बंद केली.

हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे, आणि विटांचा स्तूप नालासोपाऱ्यात. तिथे जाल तेव्हा 'हा किती जुना?' एवढ्यावर थांबू नका. 'हा कुणी-कुणी, कधी-कधी जपला?' हेही विचारा. वास्तूचं वय पहिल्या विटेपासून मोजतात खरं, पण ती आपल्यापर्यंत पोचते नंतरच्या हातांमुळे. आता त्या हातांमध्ये आपलेही हात आहेत.