हिंवतापाची लस आणि विहिरीचें झांकण

थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी पाहून परतणारा प्रवासी नारळी-पोफळींच्या वाडींतील विहिरीशीं क्षणभर विसावतो. ज्या पाण्यावर हें अष्टागर पोसलें, तशाच विहिरींच्या स्वच्छ पाण्यांत हिंवताप पसरविणाऱ्या डांसाच्या अळ्या वाढतात, हें ज्ञान मनुष्यास फार उशिरां झालें. एकांतरा ताप दूषित हवेनें येतो, अशीच शतकानुशतकें समजूत होती.

इ. स. १८९७ हें वर्ष या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या जानेवारींत डॉ. हाफकिन यांनीं मुंबईस प्लेगची लस प्रथम स्वतःच टोंचून घेतली. त्याच ऑगस्टांत रोनाल्ड रॉस यांस सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिंवतापाचा जंतु सांपडला. आतां यावरही लौकरच लस निघेल, असें कोणासही वाटलें असतें. प्रत्यक्षांत सव्वाशें वर्षें लोटलीं!

याचें कारण असें कीं, हा जंतु बहुरूपी आहे. दंशाबरोबर तो एका रूपानें शरीरांत शिरतो, थोड्याच वेळांत यकृतांत दडतो आणि रूप पालटून रक्तांत उतरतो. एक रूप ओळखणारी प्रतिकारशक्ति दुसऱ्या रूपापुढें निष्प्रभ ठरते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं शिफारस केलेली पहिली लस, आणि ऑक्सफर्ड येथें सिद्ध होऊन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार होणारी, २०२३ सालीं शिफारस झालेली दुसरी, या दोन्ही त्या पहिल्या रूपासच गांठतात.

पुण्याची लस आफ्रिकेंतील बालकांच्या उपयोगी पडते, हें आम्हांस भूषणावह खरें. परंतु तिचा रोख फाल्सिपेरम जातीच्या जंतूवर आहे. आपल्याकडे आढळणारी दुसरी जात, व्हायव्हॅक्स, यकृतांत महिनोन्महिने निजून पुन्हां उठते. तिच्यावर या लसींची मात्रा चालत नाहीं.

म्हणून जुन्या उपायाचें विस्मरण होतां कामा नये. १९११ सालीं डॉ. बेंटली यांनीं मुंबईच्या हिंवतापाचें मूळ तेथील विहिरींत दाखवून दिलें. पुढें विहिरी बुजविण्याची व झांकण्याची वेळ येतांच धर्माच्या नांवानें विरोध उभा राहिला. शास्त्र सिद्ध होतें, समाज सिद्ध नव्हता. संशोधकांनीं आपलें काम सव्वाशें वर्षें नेटानें केलें. आपल्या वाट्याचें काम मात्र थळच्या वाडीपासून मुंबईच्या गच्चीवरील टाकीपर्यंत अद्यापि आपलेंच आहे.