दोन मिनिटांच्या अंधारासाठी

मी देवळाली प्रवराहून बोलते आहे. आपल्या बचत गटांच्या बैठकीत कर्ज, हप्ता, व्याज यांची बोलणी होतातच. आज जरा वेगळ्या विषयावर बोलू. विषय आहे ग्रहणाचा. ग्रहण म्हटलं की आपल्याला दारं-खिडक्या लावून घरात बसणं आठवतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी काही माणसं, त्यांत बायाही, हेच ग्रहण बघायला समुद्र ओलांडून आपल्या महाराष्ट्रात आली होती. त्यांची ही हकीकत.

तारीख होती 22 जानेवारी 1898. शनिवार, पौषाची अमावास्या. त्या दिवशी भर दुपारी सूर्य पूर्ण झाकला जाणार होता. अशा ग्रहणाला आपण खग्रास म्हणतो. सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे चंद्र येतो आणि त्याची सावली पृथ्वीवर पडते. ही दाट सावली सगळीकडे पडत नाही. एखाद्या रस्त्यासारखा तिचा लांबच लांब पट्टा असतो. 1898 साली तो पट्टा शंभर किलोमीटरपेक्षाही कमी रुंद होता. पट्ट्यात उभं राहिलं तर खग्रास, बाहेर राहिलं तर खंडग्रास. तो पट्टा कोकणात विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढला, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून गेला आणि पुढे वऱ्हाडातून उत्तरेकडे निघून गेला.

आपली देवळाली या पट्ट्याच्या बाहेर होती. म्हणजे इथल्या आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या अंगणात त्या दुपारी ऊन खूप फिकं पडलं असेल, पण पुरता अंधार झाला नसेल. ज्याला तो बघायचा होता त्याला घर सोडून जावंच लागणार होतं. जाणं अवघडही नव्हतं. दौंड-मनमाड रेल्वे 1878 मध्येच सुरू झाली होती. राहुरीहून नगर, नगरहून दौंड, तिथून सोलापूरच्या गाडीने भिगवण ओलांडलं की जेऊर. हे जेऊर करमाळा तालुक्यातलं बरं का. आपल्या नगरजवळचं बायजाबाईचं जेऊर ते वेगळं.

एकाच ठिकाणी खग्रास ग्रहण पुन्हा दिसायला सरासरी पावणेचारशे वर्षं लागतात. म्हणून ते दारात येईल याची वाट बघत बसणारी व्यक्ती बहुतेक वाटच बघत राहते. ज्यांना बघायचं असतं ते सावलीच्या वाटेवर जाऊन उभे राहतात.

त्या वर्षी असे बरेच जण येऊन उभे राहिले. जानेवारीत आपल्याकडे आभाळ निरभ्र असतं, हे मोठं कारण. विजयदुर्गाला इंग्लंडहून नॉर्मन लॉकियर आले. इंग्रजी आरमाराच्या मेलपोमिनी नावाच्या जहाजावरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. किल्ल्यावरच्या ज्या चौथऱ्यांना आज 'साहेबाचे ओटे' म्हणतात, त्यांच्याशी याच लॉकियरांचं नाव जोडलेलं आहे. हेलियम वायूचा शोध 1868 मध्ये लॉकियरांनी विजयदुर्गावरून लावला, असं पुष्कळदा सांगितलं जातं. पण खरा क्रम असा आहे. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहणही आपल्या भागावरून गेलं होतं. त्या वेळी फ्रान्सचे जान्सन आंध्रातल्या गुंटूरला होते. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी तिथूनच ऑक्टोबरमध्ये सूर्याच्या प्रकाशाची तपासणी केली. त्या प्रकाशात दिसलेल्या एका पिवळ्या रेषेवरून हेलियमचं नाव पुढे आलं. विजयदुर्गाला ते आले 1898 साली. म्हणून विजयदुर्गाचं मोल काही कमी होत नाही. पण गोष्ट सांगायची तर ती नीट सांगावी, नाही का?

जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात ते शिकवायचे. भावनगरच्या महाराजांनी दिलेल्या पैशातून तिथे 1888 मध्ये वेधशाळा उभी राहिली होती. तिला महाराजा तख्तसिंहजींचं नाव होतं आणि तिथली दुर्बीण त्या काळी देशातली सगळ्यात मोठी होती. जेऊरच्या ग्रहणाचा अहवाल नायगमवालांनी पुढे छापला. ही वेधशाळा नंतर बंद झाली आणि 1912 मध्ये मोठी दुर्बीण तमिळनाडूतल्या कोडाईकनालला गेली.

जेऊरलाच अमेरिकेहून विल्यम कॅम्पबेल आले. त्यांच्यापाशी चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता! त्यांच्या पत्नी एलिझाबेथही मदतीला सोबत होत्या. तेव्हाचे दिवस सोपे नव्हते. मुंबई-पुण्यात प्लेगची साथ होती आणि नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेला होता. याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता आपल्या सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी गेल्या. त्यानंतर दहा महिन्यांनी हे ग्रहण आलं.

आता आपण वऱ्हाडात जाऊ. अमरावती जिल्ह्यात रेल्वेच्या वाटेवर तळणी नावाचं गाव आहे. तिथे इंग्लंडहून एक तुकडी उतरली होती आणि तिच्यात ॲनी माँडर नावाची एकोणतीस वर्षांची बाई होती. माझी ही आजची बडबड खरं तर तिच्यासाठी आहे.

ॲनीचा जन्म 1868 चा, आयर्लंडमधला. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात ती गणित शिकली आणि 1889 मध्ये आपल्या कॉलेजात गणितात पहिली आली. पण तिला पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज तेव्हा बायकांना पदवीच देत नसे. 1891 मध्ये तिला ग्रिनिचच्या वेधशाळेत आकडेमोडीची नोकरी लागली, महिना चार पौंडांवर. ती रोज सूर्याचे फोटो काढायची आणि त्यावरचे डाग मोजायची. तिथेच वॉल्टर माँडर यांच्याशी तिची ओळख झाली आणि 1895 मध्ये लग्न झालं. लग्न झालं म्हणून नोकरी सोडावी लागली, कारण लग्न झालेल्या बाईने सरकारी नोकरीत राहायचं नाही असा नियम होता. नवऱ्याची नोकरी मात्र चालू राहिली. हे असं आपल्याकडेच होतं असं वाटत असेल, तर तसं नाही बरं.

नोकरी गेली, पण काम तिने सोडलं नाही. आपल्या जुन्या कॉलेजकडून मिळालेल्या पैशातून तिने एक छोटा कॅमेरा बनवून घेतला. त्याच्या भिंगाची रुंदी जेमतेम दीड इंच. तो घेऊन ती तळणीला आली. दुपारी सूर्य झाकला गेला तो अवघी दोन मिनिटं. सूर्याभोवती पांढऱ्या प्रकाशाचं एक वलय असतं, त्याला प्रभामंडळ म्हणतात. एरवी उन्हाच्या तेजात ते दिसत नाही, खग्रासच्या वेळीच दिसतं. ॲनीने त्या दोन मिनिटांत त्याचे फोटो घेतले. त्यातल्या एका फोटोत सूर्यातून निघालेला एक लांबलचक झोत उमटला. तोवर जगात कुणाच्याही फोटोत एवढा लांब झोत आला नव्हता. जेऊरचा चाळीस फुटी कॅमेरा आपल्या जागी थोर. पण तो झोत सापडला दीड इंचाच्या भिंगात, नोकरीवरून घरी बसवलेल्या बाईला.

लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला 1892 मध्ये सभासद करून घ्यायला नकार दिला होता. त्या संस्थेने शेवटी 1916 मध्ये बायकांसाठी दार उघडलं आणि ॲनी सभासद झाली. 1947 मध्ये ती गेली. केंब्रिजने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली ती त्यानंतरच्या वर्षी, 1948 मध्ये.

आता आपल्या घरात येऊ. ग्रहणाच्या दिवशी आपल्याकडे काय होतं? आजीबाई परातीत पाणी घेऊन मुसळ उभं करतात. गल्लीतून 'दे दान, सुटे गिराण' अशी हाक येते. दान देणं चांगलंच आहे. मुसळाचं म्हणाल तर त्याचं बूड सपाट असेल तर ते कुठल्याही दिवशी उभं राहतं, घरी करून बघा. या गोष्टींनी कुणाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते घरातल्या गरोदर सुनेचं. तिला कोपऱ्यात बसवतात, पाण्याचा घोट देत नाहीत, चिरायचं नाही, शिवायचं नाही, हलायचंसुद्धा नाही. कशासाठी? तर बाळाचा ओठ फाटेल म्हणून.

यात एक साधा हिशोब आहे. बाळाचे ओठ आणि टाळू पोटात पहिल्या तीन महिन्यांतच जुळून तयार होतात. मग सातव्या-आठव्या महिन्यात आलेलं ग्रहण जुळलेला ओठ कसा फाडणार? फाटलेल्या ओठामागे आनुवंशिकता असते, तंबाखू असते, आहारातली कमतरता असते. आशाताई फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. त्या गोळ्या चुकवायच्या, मिश्री लावत राहायचं आणि ग्रहणाला मात्र उपाशी ठेवायचं, याला काय म्हणावं? ज्या बाईला साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, तिला तासन्‌तास अन्नपाण्याविना बसवणं खरोखर धोक्याचं आहे.

धर्माचं काय, असं कुणी विचारेल. आपल्या पंचांगात ग्रहणाची वेळ मिनिटासकट छापलेली असते. ती कुठून येते? सूर्य-चंद्राच्या गणितातून. आर्यभटाने पंधराशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे की ग्रहण सावलीमुळे होतं. आपल्या कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 मध्ये 'ग्रहलाघव' लिहिलं. पुढे कित्येक पिढ्या पंचांगवाले त्यावरून गणित करत आले. म्हणजे आपल्याच लोकांनी सूर्य-चंद्राचा हिशोब मांडला होता. तो वहीत राहिला आणि भीती तेवढी स्वयंपाकघरात आली.

जपायचे ते डोळे. उघड्या डोळ्यांनी, एक्स-रेच्या फिल्मने किंवा परातीतल्या पाण्यात सूर्य बघायचा नाही. खास ग्रहणाचा चष्मा मिळाला तर त्यातूनच बघा. नाही मिळाला तर पिठाची चाळणी उन्हात धरा. खाली जमिनीवर प्रत्येक भोकाची एकेक चंद्रकोर पडते. सूर्याकडे पाठ करून शंभर ग्रहणं एकदम बघता येतात, पैसाही लागत नाही.

आपल्याकडे दिसणारं पुढचं सूर्यग्रहण लांब नाही. 2 ऑगस्ट 2027, सोमवार. त्या दिवशी आषाढी अमावास्या आहे, आपली दिव्यांची अवस. इजिप्तमध्ये लक्सरजवळ तेव्हा सहा मिनिटांहून जास्त वेळ खग्रास दिसेल, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. भारतातलं खग्रास बघायचं तर 20 मार्च 2034 ला काश्मीरच्या बाजूला जावं लागेल. आठ-दहा गटांनी मिळून दरमहा थोडी बाजूला टाकली तर तेही अशक्य नाही. आपण वारीला जातो, काशीला जातो, तशीच ही एक यात्रा.

पण त्याआधी दिव्यांच्या अवसेचं ठरवून टाकू. ऑगस्टच्या बैठकीत ठराव घ्या की आपल्या गटातल्या एकाही घरात त्या दिवशी गरोदर बाई उपाशी बसणार नाही. सासूबाईंशी सभासदांनीच जाऊन बोलायचं, वादावादी न करता. आणि येताना चाळणी घेऊन या. आभाळाने साथ दिली तर अंगणात सगळ्या मिळून बघू.

आज एवढंच. नमस्कार.